पलीकडचे टेकू

इद्रिस प्रॉसरने जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती फोडल्या. पण नेस्टाताईच्या आणि आपल्या घरामधली भिंत फोडताना त्याचा हात काय हलका चालला होता म्हणता! वेल्समधल्या त्या उतारावर बहीणभावाची घरं एकाला एक लागून. मधे एकच भिंत, वरच्या मजल्याचा सगळा भार तिच्यावर. बायको गेल्यापासून इद्रिस एकटा, ताई केव्हाचीच एकटी. मधे दार झालं की एकच चूल, एकच टेबल, म्हातारपण एकमेकांच्या सोबतीने काढायचं, असं दोघांचं ठरलं होतं. दाराच्या जागी बायकोचं कपबश्यांचं कपाट होतं. तेही त्याने गावच्या चॅपलला, प्रार्थनाघराला, देऊन टाकलं.

काम मात्र रीतसर. आधी दाराच्या जागेवर भिंतीतून आरपार दोन जाड तुळया घातल्या. प्रत्येकीचं एक टोक त्याच्या खोलीत, दुसरं ताईच्या. चारी टोकांखाली लोखंडी टेकू. मगच खालच्या विटांना हात लावला. पहिल्या दोन-चार विटा निघाल्या तशी ताईने भोकातून चहाचा कप पुढे केला.

"घ्या, गवंडीबुवा!"

मग रोजचा चहा तिथूनच यायला लागला. टेकूचे आटे सैल झाले तर कसे आवळायचे, हेही त्याने तिला शिकवून ठेवलं.

दारावरचा भार पेलणारं लिंटेल बसवायच्या दिवशी तो माल कालवत होता, तोच वर काडकन आवाज झाला. बघतो तर भेग थेट छतापर्यंत! धुळीसाठी लावलेलं कापड त्याने ओढलं. पलीकडे ताईने फुलाफुलांचा पडदा सोडला होता, तोही ओढला. तिच्या बाजूचे टेकूच गायब! दोन्ही कोचामागे आडवे सारलेले. टेबलावर फुलदाणी, आणि एक टायवाला माणूस कॅमेरा सरसावून उभा.

"बाहेर व्हा!" इद्रिस ओरडला. भोकातून आत शिरून त्याने टेकू उभे केले, छताची कुरकुर थांबेपर्यंत आटे आवळले. टायवाला कधीच रस्त्यावर पोचला होता.

"ताई, अगं जीव गेला असता तुझा! कुणी काढले हे?"

"मीच. दोन मिनिटांसाठी रे. फोटोत ते लोखंड बरं दिसत नव्हतं."

"कसले फोटो?"

ताई फुलं सारखी करू लागली. "घर विकतेय मी. लेकीकडे चाललेय, ब्रिस्टलला. ईस्टरलाच ठरलं."

दाराचं काम तर ईस्टरनंतर सुरू झालं होतं.

"आणि तरी मला भिंत फोडू दिलीस?"

"तू इतका खुशीत होतास, सांगायचं जिवावर आलं. आणि तुला काय जड आहे? फोडलीस तशी बुजवशील. गवंडीच ना तू!"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने केसाने गळा कापला असता तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. पण आईमागे याच बहिणीने त्याला वाढवलं होतं.

लिंटेल परसात तसंच पडून राहिलं. इद्रिसने खालपासून विटा रचायला घेतल्या, थरावर थर, ओळंबा धरून. चुकूनसुद्धा पलीकडे पाहिलं नाही. शेवटी दोन विटांची जागा उरली, तेव्हा तिच्यातून ताईचा हात आला. हातात कप.

"घे रे. तुला लागतो तसा गोड केलाय."

इद्रिसने विटेला माल लावला.

"हात काढ, ताई," तो म्हणाला. "वीट बसवायचीय."