अर्ध्यावर थांबणारं पाणी

उल्कानं स्टुलावर चढून संडासातल्या वरच्या लोखंडी टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि तिच्या तोंडून अशी किंकाळी बाहेर पडली की ती मराठी होती, हिंदी होती की पंजाबी, हे खालच्या मजल्यावरच्या कपूरांनाही सांगता आलं नसतं. दिल्लीतलं जानेवारीचं पाणी! बोटं आपली आहेत की उसनी आणलेली, तेच कळेना. तरी तिनं आतला लोखंडी टोप चाचपला, त्याच्या कुशीला पाडलेलं भोक अंगठ्यानं शोधलं, त्यावरची रबरी चकती बाजूला सारली आणि ओरडली,

"आई, ये ना! ओढतेय मी!"

"मी पोळ्या लाटतेय. मला संडासात बोलावू नकोस."

"मग कान दे नुसता!"

तिनं साखळी ओढली. टोप वर गेला, धपकन खाली बसला आणि पाणी नेहमीसारखं धडधडत निघालं. उल्का टाकीच्या काठावर नाक टेकवून बघत राहिली. पाणी उतरलं, उतरलं, भोकापाशी आलं, आणि भोकानं एक लांबलचक घोट घेतल्यासारखा आवाज काढला. घुर्रर्र... घुट्. बस. पाणी थांबलं. अर्धी टाकी जशीच्या तशी.

उल्कानं स्टुलावरून उडीच मारली. ओल्या हातांनी स्वयंपाकघरात जाऊन तिनं आईला मागून मिठी मारली, तशी पद्मजाबाई लाटण्यासकट किंचाळल्या.

"थांबलं, आई! यार, चक्क थांबलं!"

"आईला यार म्हणू नये. आणि हात धुतलेस का?"

आता यात एवढं नाचण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. पण त्या टाकीशी ज्यांचा संबंध आला त्यांनाच ते कळेल. रामकृष्णपुरमच्या सगळ्या सरकारी क्वार्टरांत तीच टाकी. साखळी ओढली की टोप उचलला जायचा, सोडली की आदळायचा आणि आतलं पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून पलीकडे ढकलायचा. एकदा धार लागली की सायफन काही ऐकत नाही. टोपाच्या खालच्या काठाखालून हवा शिरेपर्यंत तो पाणी ओढतच राहतो, म्हणजे टाकी कोरडी होईपर्यंत. काम एक नंबरचं असो की दोन नंबरचं, बादलीभर पाणी गेलंच.

वर्गात सायफन शिकवताना सेठी मॅडमनी स्कूटरमधून पेट्रोल काढायचं उदाहरण दिलं होतं. उल्काच्या डोक्यात मात्र त्या दिवसापासून संडासातला टोपच घुमत होता. हवा शेवटी शिरते म्हणून पाणी शेवटी थांबतं ना? मग हवेला जरा लवकर आत घेतलं तर?

पहिलं भोक तिनं विणायच्या सुईएवढं पाडलं. सायफननं त्यातून चहा भुरकावा तशी थोडी हवा भुरकली आणि तो आपला चालतच राहिला. ते बुजवून तिनं दुसरं पेन्सिलीएवढं पाडलं, तर धारच लागेना. तेही बुजवून तिनं शेजारी तिसरं पाडलं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठं, वाटाण्यापेक्षा लहान. आणि पूर्ण पाणी हवं असलं तर? त्यासाठी सायकलच्या ट्यूबची चकती, तिला बांधलेली दोरी. दोरी खाली धरून ठेवली की चकती भोकावर बसते आणि टाकी पहिल्यासारखी पूर्ण रिकामी होते.

शाळेत तिनं हे सांगितलं तेव्हा आख्खी अकरावी फिदीफिदी हसली होती. मागच्या वर्षीची उल्का असती तर बाकाखाली शिरली असती. पण या वर्षी तिला काहीतरी झालं होतं. ती उभीच राहिली. "हँसने दीजिए, मॅम. पानी तो सबके घर का जाता है."

सेठी मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतून एकच नाव जाणार होतं. "तुम्हारे घर में तो तीन ही लोग हैं, बेटा. भरे घर में चलाके दिखाओ. पंद्रह तारीख़ को बताना."

भरलं घर! उल्काला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. दिल्लीतल्या मराठी माणसाचं घर जानेवारीत भरायला कितीसा वेळ लागतो? संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर काला अंबला डोकं टेकवायला गावाकडून माणसं यायची आणि उतरायची ती ओळखीच्या घरी. त्यात उल्काच्या आत्याचा मोठा जथा. चंद्रप्रभा आत्या, तिचे यजमान भाऊसाहेब आणि त्यांचे सांगलीचे शेजारीपाजारी दरवर्षी ठरलेले. दोन खोल्यांत गाद्या टाकल्या की पाऊल ठेवायला जागा नसायची. गच्चीवरची टाकी सकाळ-संध्याकाळ भरायची, पण मागच्या वर्षी ती भर सकाळीच संपली होती आणि पद्मजाबाईंनी नव्या काळ्या साडीत खालच्या नळावरून बादल्या वाहिल्या होत्या.

अडचण एकच होती. बाबा. दत्तात्रयराव मंत्रालयात नोकरीला होते आणि ऑफिसची टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नव्हती. टोपाची तिन्ही भोकं त्यांना दिसली त्या दिवशी ते संडासाच्या दारात कितीतरी वेळ नुसते उभे होते.

"ही गव्हर्नमेंट प्रॉपर्टी आहे, उल्का."

"दोन बुजवलीत, बाबा."

"क्वार्टर सोडताना टाकी तपासतात."

"टोपात बोट घालून? कोण घालेल, बाबा?"

"घालतात," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी साखळी ओढून पाहिली. पाणी अर्ध्यावर थांबलं. त्यांनी टाकी भरू दिली आणि पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा आतल्या आत हसू दाबल्यामुळे त्यांची मिशी हलत होती. "असं करू. पाहुणे असताना गच्चीवरच्या टाकीनं तग धरला, तर सेठी मॅडमना मी स्वतः येऊन सांगतो. नाही धरला, तर हे तिसरंही बुजवायचं आणि विषय बंद."

"बिल्कुल!"

"आणि माझी एक अट," आई आतून म्हणाली. "पाहुण्यांपुढे या विषयाचं अवाक्षर काढायचं नाही. त्यांना काही विचारायचं नाही. लोक जेवायला बसतात आपल्याकडे."

म्हणून उल्कानं दाराच्या आतल्या बाजूला फक्त एक पाटी लावली. सुवाच्य अक्षरात. 'नुसती साखळी: थोडे पाणी. दोरी धरून साखळी: पूर्ण पाणी. पाणी जपून वापरावे ही विनंती.'

पाहुणे आले. होल्डॉल आले, लाडवांचे डबे आले, कानटोप्या आल्या. दोन दिवस घर नुसतं दुमदुमत होतं. उल्का शाळेतून धावत सुटायची ती थेट गच्चीवर. झाकण उघडून आत वाकून बघायची, आणि पाणी असायचं! पहिल्या दिवशी होतं. संक्रांतीच्या दिवशी मंडळी पहाटे बसनं पानिपतला जाऊन दिवेलागणीला परतली, हातपाय धुऊन झाले, तरी होतं. अर्ध्याच्या वर होतं. तिनं जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरत बाबांना बातमी दिली, तर बाबा स्वतः मफलर गुंडाळून वर गेले, आणि खाली आले ते वेगळेच बाबा होऊन.

"भाऊसाहेब, ऐकलंत का? गेल्या साली आमच्या टाकीचं पानिपत झालं होतं. यंदा राखली गड्यांनो, राखली! आणि कुणी? या पोरीनं!"

"कशी काय बुवा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सांगू नका!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

उल्काचे पाय जमिनीवर ठरेनात. उद्या पंधरा तारीख. उद्या बाबा सेठी मॅडमसमोर उभे राहणार. ती तिळगुळाचं ताट घेऊन आत्याशेजारी धपकन बसली आणि इतकी खूश होती की आईची अट तिच्या डोक्यातून साफ निघून गेली.

"आत्या, तुला आवाज आवडला का गं? घुर्रर्र... आणि मग घुट्!"

"कसला आवाज, बाळा?"

"अगं, संडासात. साखळी ओढल्यावर."

आत्यानं भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी कानटोपी नीट केली.

"साखळी ना," आत्या म्हणाली, "ती काही आम्ही ओढली नाही गं."

"म्हणजे? दोरी धरून ओढलीत?"

"नाही. काहीच नाही. आंघोळीचं अन् धुण्याचं पाणी बादलीत धरून ठेवत होतो आम्ही. तेच ओतायचं. सगळ्यांना मी गाडीतच बजावलं होतं. आणि इथं आल्यावर तुझी पाटीही होतीच की, पाणी जपून म्हणून. फार छान अक्षर आहे हो तुझं."

उल्काच्या हातातलं ताट तिरपं झालं आणि एक लाडू घरंगळत कॉटखाली गेला. कुणी तो उचलला नाही.

"पण का?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

आत्यानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. स्वयंपाकघराच्या दारात पद्मजाबाई येऊन उभ्या होत्या, ते तिला दिसलं नव्हतं.

"मागच्या वर्षी पद्मजाचे फार हाल झाले गं आमच्यापायी. कपूरबाईंपाशी बोलत होती ती जिन्यात, की पुढच्या खेपेला यांना धर्मशाळा बघायला सांगावं. मी वरच होते, वाळत घातलेलं काढत. तिचं काय चुकलं? दोन मजले बादल्या चढवायच्या म्हणजे काय थट्टा आहे? पण मी म्हटलं, भावाच्या घराशिवाय दिल्लीत उतरायचं कुठं आपण. म्हणून ठरवलं, पाण्याला हातच लावायचा नाही."

दारातली आई हातातल्या पक्कडीसकट तशीच आत वळली.

बाबा खाली बघत होते. मग त्यांनी उल्काकडे पाहिलं. त्या बघण्यातून तिला समजलं. तग धरणं ही त्यांची अट होती आणि टाकीनं तग धरला होता. ती गप्प बसली तर उद्या बाबा शाळेत येतील, सेठी मॅडम नाव लिहितील, आणि यातलं एक अक्षरही खोटं असणार नाही. पाहुणे उद्या दुपारच्या गाडीनं निघतील. कुणाला काही कळणार नाही. फक्त ते भोक तेवढं भरल्या घरात एकदाही चाललेलं नसेल.

उल्का उठली. कॉटच्या कडेला उभी राहिली, तशी गाद्यांवरची सगळी माणसं आपोआप तिच्याकडे बघायला लागली. तिचे कान लाल झाले होते, पण ती उभीच राहिली.

"मला तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय. आई, सॉरी." तिनं खोल श्वास घेतला. "मी ती टाकी बदललीय. तिच्यातून आता अर्धंच पाणी जातं. म्हणजे जायला पाहिजे. पण ते भरल्या घरात चालतं की नाही हे मला अजून माहीतच नाही, कारण तुम्ही सगळे इतके चांगले वागलात! तर प्लीज, उद्या निघेपर्यंत, आणि आज रात्रीसुद्धा, सगळ्यांनी चेन ओढायची. बादली नाही. लहान कामाला नुसती ओढायची, मोठ्याला दोरी धरून. आणि मला खरं सांगायचं, नीट साफ झालं का ते. लाजायचं नाही."

सांगलीचे गुणवंतराव, ज्यांच्या तोंडून दोन दिवसांत 'हरि ओम'पलीकडे शब्द निघाला नव्हता, त्यांना ठसका लागला.

"आणि पाणी संपलं तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"संपलं तर संपलं. मग चालत नाही म्हणून सांगीन मी शाळेत."

"आणि बादल्या?"

"मी आणीन."

भाऊसाहेब हसायला लागले. पोट धरून, कानटोपी सरकेपर्यंत. "काय पोरगी आहे, दत्तोपंत! आम्ही रणांगण बघायला पाचशे कोस आलो आणि लढाई इथं ठेवलीय हिनं."

चंद्रप्रभा आत्या हसली नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, गाद्यांवरून वाट काढत गेली आणि संडासाचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. उल्का भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिनं दोन्ही हातांच्या मुठी फ्रॉकच्या खिशात कोंबल्या होत्या. मग साखळी खणखणली, टोप आदळला, पाणी धडाडलं. माणसं माना तिरप्या करून ऐकत होती.

घुर्रर्र... घुट्.

"अगं बाई!" आतून आत्याचा आवाज आला.

सगळे हसले, बाबा सर्वांत मोठ्यानं. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं उल्काकडे बघून फक्त मान डोलावली. पण मग पुढं कुणी उठेना. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

"आमची मनापासून तयारी आहे बरं का," गुणवंतराव चाचरत म्हणाले, "पण आत्ताच्या आत्ता... तसं काही..."

उल्का रडावं की हसावं अशी उभी. एवढ्यात स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट झाला. पद्मजाबाई स्टुलावर चढून माळ्यावरचं मोठं पातेलं काढत होत्या, ते फक्त हळदीकुंकवाला निघणारं. त्यांनी ते नळाखाली धरलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी काठापर्यंत आलं तरी त्यांनी तो लगेच बंद केला नाही.

"वन्सं," त्या मागं न वळता म्हणाल्या, "कुणाला आल्याचा चहा आणि कुणाला साधा, विचारा बरं. दोन-दोन कप तरी घ्या म्हणावं सगळ्यांनी."