फळीवरची गोधडी

झुंबरने हट्टच धरला, होडीच्या ट्रेलरचं कार्पेट मीच बदलणार. गुडघे कुरकुरताहेत, होडी विकलेली, दुपारी गिऱ्हाईक पिंपळगावहून न्यायला येणार. पण म्हातारा ऐकेल तर शपथ! मुलाला, बंटीला वाटलं, बापाचा जीव होडीत अडकलाय. अडकला होता खरा, पण होडीत नव्हे.

भिमाबाई गेली तेव्हा झुंबरनेच सांगितलं होतं, तिची लुगडी डोळ्यांसमोर नकोत, वाटून टाका. लोकांनी ऐकलं. पुढे पावसाळा सरला आणि त्याला बायकोचं एखादं फडकं तरी जवळ हवंसं झालं, तर घरात चिंधीही नव्हती. मग आठवलं. ट्रेलरच्या ज्या दोन फळ्यांवर होडी टेकते, त्यांतल्या एकीवर, कार्पेटखाली, भिमाबाईने आपल्या लुगड्याची गोधडी शिवून घातली होती.

"पाणी धरंल ती," तेव्हा तो म्हणाला होता.

"धरू दे. होडी दिवसभर धरणात राबती, तिला निजायला मऊ नको का?"

तो हसला होता. तिच्यापुढे त्याचं कधी चाललं होतं!

आता होडी पाण्यात सोडून तो धरणाकाठी ट्रेलरचे खिळे पक्कडीने उपटत होता. कार्पेटला पार टक्कल पडलेलं. बंटीने टोक ओढलं, तसा खालून काळा लगदा निघाला. त्याखालची फळीही कुजलेली.

"या चिंध्यांनी फळी खाल्ली, आबा. देतो फेकून."

"हळू! तुझ्या आईचं लुगडं हाय ते."

झुंबरने लगदा ओंजळीत घेतला, धरणाच्या पाण्यात जपून धुतला. कुठे लुगड्याचा काठ दिसेल, हिरवा रंग दिसेल. चिखल गेला आणि त्याच्याबरोबर कापडही गेलं. हातात राहिला नुसता दोरा. भिमाबाईने जाळ्याच्या नायलॉनने शिवलं होतं. तो कशाला कुजतोय? तिचे टाके वळणासकट तसेच होते, फक्त लुगडं नव्हतं.

दोघांनी मिळून नवी फळी बसवली, नवं कार्पेट ठोकलं.

गिऱ्हाइकाने त्यावरून हात फिरवला. "काका, खाली मऊ काही घातलंय का?"

"नाय," झुंबर म्हणाला. "तुमी बी घालू नका. फळी कुजती."

होडी रस्त्याला लागली. बायकोच्या मयतीलाही न रडलेला म्हातारा तो दोरा बोटाला गुंडाळत मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.