मिक्सरचं पहिलं बटण

कारा-तेरेक गावात बोलल्याशिवाय कुठलंही काम होत नाही, आणि चहाशिवाय बोलणं होत नाही. त्यामुळे गावाबाहेरच्या काँक्रीट प्लांटला वीज किती आणि कुठून घ्यायची हे ठरवताना इंजिनिअर बुरुलला जेवढी आकडेमोड करावी लागली, त्याच्या दसपट चहा प्यावा लागला.

नदीवर नवा पूल व्हायचा होता, त्यासाठी हा प्लांट. वीज खातं म्हणालं, गावाच्याच लाइनवरून घ्या, पण ट्रान्सफॉर्मर लहान बसवा, नाहीतर गावाचे दिवे मिणमिणतील. प्लांटचे संचालक तेमिरबेक यांना मोठा हवा होता. त्यांना सगळंच मोठं लागायचं, डोक्यावरची टोपीसुद्धा.

"अगाय, लहान पुरतो," बुरुलने साहेबांना समजावलं. "मोटर चालू राहायला जेवढी वीज घेते, त्याच्या कितीतरी पट ती सुरू होताना ओढते. मिक्सर आणि खडी वाहणारा पट्टा एकदम सुरू केलात, तर ट्रान्सफॉर्मर मान टाकणारच. पण आधी मिक्सरची मोठी मोटर लावायची, ती लयीत आली की मग पट्टा आणि कॉम्प्रेसर. तसं केलं तर हाच पुरून उरेल."

"आणि हा क्रम पाळणार कोण? आपला नुरदीन?"

प्लांट चालवणारा नुरदीन खो-खो हसला. मोटरी आपोआप क्रमाने लावणारी पेटी अजून सीमेवर ट्रकमध्ये अडकलेली होती. तोवर सगळी भिस्त नुरदीनच्या बोटांवर, आणि त्याची बोटं म्हणजे दोन हातांनी दोन बटणं दाबून चहाला पळणारी. बुरुलने त्याला क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. त्याने त्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं ठेवली होती.

"हे बघ बुरुल," तेमिरबेक म्हणाले, "एकदा जरी प्लांट बंद पडला, तरी मी डिझेलचा जनरेटर आणणार. तुझा आराखडा चुलीत, आणि तू परत बिश्केकच्या कचेरीत शिक्के मारायला."

दुसऱ्यांच्या आराखड्यांवर शिक्के मारण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. स्वतःचं नाव असलेला हा पहिलाच आराखडा.

उद्घाटनाच्या सकाळी ती पोहोचली तो काय, अंगणात लाल कापडाचं टेबल, त्यावर तारा ओढून आणलेली दोन बटणं. एक मिक्सरचं, एक पट्ट्याचं. आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेल्टच्या उंच टोप्या घालून बसलेले दोन अक्सकाल, गावचे बुजुर्ग: वरच्या आळीचे सग्यन अता आणि खालच्या आळीचे देगेनबाय अता.

"दोघं एकदम दाबणार," तेमिरबेक खुशीत म्हणाले.

"अगाय! नेमकं हेच नको म्हणून मी घसा कोरडा केला ना?"

"मग कोणाला थांबायला सांगू, तूच सांग!"

प्रश्न बिनतोड होता. त्या दोघांच्या कागदपत्रांवर जन्मतारीख एकच, एक जानेवारी. त्या काळी ज्याची तारीख ठाऊक नसे त्याची हीच लिहीत. थोरला कोण, यावर दोघं जन्मभर भांडत आले होते. मेजवानीत मांडीचं हाड सगळ्यांत थोरल्याच्या ताटात जातं. मेंढीला मागचे पाय दोन असतात, म्हणून गावात आजवर शांतता टिकली. मिक्सर मात्र एकच होता.

"सग्यनला थांबू दे," देगेनबाय अता गोडीने म्हणाले. "लहान आहे माझ्याहून."

"हा रांगत होता तेव्हा मी घोड्यावर होतो!"

"गाढवावर होतास तू!"

"यातला एक जरी उठून गेला ना," तेमिरबेक बुरुलच्या कानाशी कुजबुजले, "तर अर्धं गाव उठून जाईल. खडी तेच पुरवतात, मग ती कुठून आणू? तुझ्या आराखड्यातून?"

बुरुल वैतागून तिथून निघाली आणि थेट बायकांच्या बाजूला आली. तिथे कढईपाशी म्हाताऱ्या कानिमबूबू आपा बोरसोकच्या पुऱ्या तळणाऱ्या सुनांना धारेवर धरून बसल्या होत्या. बुरुल जागच्या जागी थबकली.

"आपा, तुम्ही सग्यन अता आणि देगेनबाय अतांपेक्षा मोठ्या ना?"

"मोठी? दोघांची नाकं पुसलीयेत मी. आधी कोण जन्मला तेही ठाऊक आहे मला."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं तर बिचारे उद्यापासून भांडतील कशावर?"

बुरुलने त्यांचा हात धरला. वाटेतच तिने नुरदीनला हाक मारली आणि कॉम्प्रेसरचंही बटण टेबलावर आणायला लावलं. मिक्सर एकदा फिरू लागला की उरलेल्या दोन लहान मोटरी एकदम सुरू झाल्या तरी चालत होतं. तेवढं तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा पडताळून घेतलं.

आपा येताना दिसल्या तसे दोन्ही म्हातारे उठून उभे राहिले. आता तक्रार कोण करणार, आणि कोणत्या तोंडाने?

आपांनी ओढणीला हात पुसले आणि मिक्सरचं बटण दाबलं. मिक्सर घरघरला. वीज दाखवणाऱ्या मीटरचा काटा सरसर चढला. सग्यन अतांचं बोट पुढे सरकलं.

"थांब रे!" आपा कडाडल्या. "त्याला दम तर घेऊ दे."

काटा हळूहळू खाली आला. घरघर एकसारखी झाली.

"हं. आता तुम्ही, पोरांनो."

दोघांनी एकदम बटणं दाबली. पट्टा हलला, कॉम्प्रेसर फुसफुसला, काटा जरासा थरथरला आणि जागेवर आला. रस्त्यापलीकडच्या दुकानातला दिवा जळतच राहिला. सगळ्यांनी दुआ मागत तळहात चेहऱ्यावरून फिरवले. तेमिरबेकांनी टोपी काढून घाम पुसला आणि जनरेटरचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुरुल धास्तीनेच प्लांटवर आली. आज ना आपा होत्या, ना पाहुणे; होता फक्त नुरदीन आणि त्याची बोटं. ती दारातच उभी राहिली. नुरदीनने मिक्सरचं बटण दाबलं, हात मागे बांधले आणि सासरच्या मंडळींसमोर उभा असावा तसा शहाण्यासारखा उभा राहिला. मोटर लयीत आली, तेव्हा कुठे त्याने पट्ट्याकडे हात नेला.

"वाचलास म्हणायचा माझा कागद," बुरुल म्हणाली.

"कुठला कागद, ताई?" नुरदीन गोंधळून म्हणाला. "मिक्सर आपांचा. आपांच्या आधी हात लावायचा नाही, एवढं तर लहान पोरालाही कळतं."

बुरुलला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते नुरदीनला दिसू नयेत म्हणून ती काट्यावर वाकली.