चाक खोलायचं मशीन

मानवजातीची सगळी प्रगती माणसाने हातात अवजार धरल्यामुळे झाली. लोणंदच्या अलीकडे, भर दुपारी, हंबीरराव देवकरांच्या हातातलं अवजार तिसऱ्यांदा सटकून रस्त्याकडेच्या चारीत पडलं, तेव्हा ते या प्रगतीच्या जरा बाहेरच उभे होते.

"पाना झिजलाय," ते म्हणाले.

"चाळीस मिंटं झाली आवं," गाडीतून त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर भाचीच्या साखरपुड्याची साडी होती. "तितं पंगत बसली आसंल."

"चाकाचं काम हाय. घाई चालत न्हाई."

हंबीरराव फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बर्फात आणि वाळूत त्यांनी ट्रकची चाकं बदलली होती. हे ज्याला माहीत नाही तो माणूस त्यांच्या गावी, मलकापुरात, नुकताच राहायला आला असणार. पण गेल्या वर्षी मानेत शीर दबली आणि उजव्या हाताची पकड गेली. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं होतं. हंबीररावांनी तो कागद वाचता येत नाही असं जाहीर करून कपाटात टाकला होता.

शेवटी मोटारसायकलवरून हरिबा नावाचा पंक्चरवाला आला. त्याने चाक न काढता टायरमधला खिळा उपसला, भोकात रबराची वात खुपसली, हवा भरली आणि हात झटकले.

"काका, टूबलेस हाय की ह्यो. चाक कशापायी खोलत बसलाय?"

"बघत हुतो, खुलतंय का."

"मग? खुललं का?"

हंबीरराव गाडीत जाऊन बसले.

गाडी घरी पोचायच्या आधी ही बातमी सांगलीला पोचली. विश्वजीत, त्यांचा मुलगा, तिथे बँकेत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आप्पा, गाडी विकूया. आमच्या बँकेतल्या एकाचा मेव्हणा पलूसला असतोय, त्याला पाहिजे आहे. आईला घेऊन आडरानात अडकलात तर काय करणार?"

"चाक बदलणार."

"बदललं का आज?"

हा प्रश्न त्यांना एका दिवसात दुसऱ्यांदा आला होता. "रयवारी ये," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांदेखत चाक बदलतो. न्हाई बदललं तर किल्ली तुझ्या हातात ठिवतो. बदललं तर पुन्यांदा इकायचं नाव काढायचं न्हाई."

"बघा हं."

"बघतोय काय? फौजेतला शब्द हाय."

हे सगळं बुधवारी झालं. गुरुवारी सकाळपासून हंबीरराव एका जागी बसेनात. बॅटरीवर चालणारं, नट खोलायचं मशीन मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. कुठलं घ्यावं हे ठाऊक नव्हतं. मोबाईलवर एक पोरगा तमिळमध्ये एका मशीनची स्तुती करत होता आणि दुसरा हिंदीत त्याच मशीनला शिव्या देत होता. दोघांचे नट खुलत होते. बॅटरी किती व्होल्टची, मोटर ब्रशची की बिनब्रशची, जोर किती न्यूटन मीटर, या विचारात त्यांनी चहा तीनदा गार केला. गाडीवरचं कव्हर काढलं, घातलं, पुन्हा काढलं. माजी सैनिकांच्या ग्रुपवर त्यांनी सल्ला विचारला. सतरा 'जय हिंद' आले आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

"जरा बूड टेका की," शालूबाई म्हणाल्या. "घरात मांजर फिरल्यागत फिरताय."

"मशीन निवडायचं म्हंजे सोपं वाटतंय व्हय तुला?"

"मला हातात घिऊन बगितल्याबिगार वांगीबी निवडता येत न्हाईत. जावा सांगलीला."

शुक्रवारी ते एसटीने सांगलीला गेले. मुलाच्या बँकेचा रस्ता टाळून, एवढा लांबचा वळसा घेऊन, की रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, काका, नक्की कुठं जायचंय?

हत्यारांच्या दुकानात काउंटरला मालकाची मुलगी उत्कर्षा होती. तिने दोन मशीनं पुढे ठेवली.

"घरच्या गाडीला हे लहान पुरं होतं, काका. दीड किलोचं आहे. नट साधे आवळलेत ना?"

"साधे म्हंजे?"

"गाडीच्या पुस्तकात असतं तेवढे. शंभरेक न्यूटन मीटर."

हंबीररावांनी भिंतीवरच्या पान्यांकडे बघितलं. दर खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करत. गाडीला झेंडूचा हार घालत, नटांवर हळदकुंकू टाकत. त्यानंतर पान्याच्या दांड्यात हातभर लांब लोखंडी नळी घालून, तिच्यावर उभे राहून एकेक नट आवळत. फौजेतल्या ट्रकला ते तसंच करायचे. घरची गाडी त्या ट्रकच्या हौद्यात एका कोपऱ्यात मावली असती. पण वर्षाच्या सणाला चाक ढिलं राहू नये, एवढाच त्यात भाव होता. अशा सात खंडेनवम्या झाल्या होत्या.

"जरा जास्ती आसतील," ते म्हणाले.

"किती जास्ती?"

"नळी लावून. वर हुबा ऱ्हाऊन."

उत्कर्षाने लहान मशीन कपाटात परत ठेवलं.

"मग हे मोठं. बॅटरीसकट तीन किलोच्या वर जातंय. हात लांब करून धरा बघू, दहा आकडे मोजेपर्यंत."

हंबीररावांनी धरलं. चारपर्यंत मशीन सरळ होतं. सहाला त्याचं तोंड खाली झुकलं. सातला त्यांनी ते काउंटरवर ठेवलं. आदळलं असं म्हणता येणार नाही, पण खिळ्यांचे डबे हलले. उत्कर्षा वळून पंख्याचं बटण बघत होती.

"मधलं दाखवू का?"

"त्येनं नट हालतील?"

"खरं सांगू काका? तुमचे? नाही."

म्हणजे जे त्यांना धरता येत होतं, त्याने नट खुलत नव्हते. आणि ज्याने नट खुलणार होते, ते त्यांना धरता येत नव्हतं. हंबीररावांनी दोन्ही हात खिशात घातले.

"मोठंच द्या."

"आवळायला मात्र हे वापरू नका हं. हातानं आवळा," ती म्हणाली. "आणि वर उभं राहू नका."

रविवारी विश्वजीत आला. खुर्ची नको म्हणाला, अंगणात उभाच राहिला. हंबीररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागच्या चाकाला वीट लावली, पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकले, मशीनच्या तोंडाची काळी गोटी नटावर बसवली आणि कळ दाबली. मशीन गरजलं, हात खचला, गोटी नटावरून सटकली. दुसऱ्यांदा त्यांनी डावा हात खालून लावला. पुन्हा सटकली. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता.

"आप्पा, ऱ्हाऊ दे," विश्वजीत हळू म्हणाला.

"गप ऱ्हा."

तिसऱ्यांदा गोटी नटावर बसायच्या आधीच निसटली. मग शालूबाई पाट घेऊन आल्या आणि चाकापुढे बसल्या.

"सरका."

"तुला जमायचं न्हाई. तीन किलोचं हाय."

"घरात ग्यासची टाकी कोण बदलतंय?"

हंबीरराव सरकले. थोडेसेच.

"कळ कंची?"

"ही. सरळ धर. गोटी पुरती बसू दे. दाब आता. सोडू नगं, सोडू नगं, ऱ्हाऊ दे दाबून."

मशीन टकाटका ठोकत राहिलं आणि नट एकदम ढिला पडला. त्याच्यामागून चिमूटभर हळद सांडली. मग दुसरा, तिसरा, चौथा.

"पण आई," विश्वजीत म्हणाला, "शब्द आप्पांनी दिला होता."

"आन् आडरानात आडकली तर गाडीत कोण आसणार? मीच का न्हाई? का मला उतरवून चाक बदलायचं?"

विश्वजीत बँकेतला माणूस होता. त्याने विचार करायला वेळ घेतला. मग फोन काढून पलूसला लावला. "नाही हो, द्यायची नाही गाडी. नाही, किमतीचं काही नाही. वडील वापरतात."

चारही नट हंबीररावांनी उजव्या तळव्यात घेतले होते. एक घरंगळून खाली पडला, तसे उरलेले त्यांनी डाव्या हातात घेतले.

पुढचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. जॅक फिरवून गाडी उचलली, चाक काढलं, डिकीतली स्टेपनी घरंगळत आणली, गुडघ्याने रेटून बसवली. नट हाताने आवळले. नळी लावली नाही, वर उभेही राहिले नाहीत. शालूबाईंनी एकदा त्यांच्या पायांकडे बघितलं, एवढंच.

"चल," ते मुलाला म्हणाले, "कृष्णा नाक्यापातुर एक फेरी मारून आणतो."

त्यांनी जॅक सोडला. गाडी खाली आली, आणखी खाली आली, आणि डाव्या अंगाला कलून थांबली.

स्टेपनीत हवा नव्हती.