क्यू दाबल्यावर

धाकटीच्या हाताला व्हिडिओ एडिटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं सहा वर्षांचं वळण होतं. ऑफिसने ते बदललं आणि ती परक्या घरात दिव्याचं बटण चाचपणाऱ्या पाहुण्यासारखी झाली. नव्या शॉर्टकटांचा कागद तिने स्क्रीनला चिकटवला होता, पण बोटांना कुठे वाचता येतं? जुन्यात ‘क्यू’ दाबलं की स्क्रीनवरची उभी रेघ चित्रीकरणाच्या तुकड्याच्या सुरुवातीला जायची, बस. नव्यात तेच बटण रेघेमागचा भाग कापतं आणि पुढचा ओढून फट बुजवतं. फटच उरत नाही, त्यामुळे चूकही दिसत नाही.

आज घरचं काम होतं. घशाच्या ऑपरेशनआधी तिने आईला कॅमेऱ्यासमोर दोन तास बोलतं केलं होतं. ऑपरेशन झालं, आवाज गेला. आता आई पाटीवर लिहायची.

“ते सगळं दहा मिनिटांत बसव गं,” ताई फोनवर म्हणाली. “आई एक वाक्य बोलते नि दोन वाक्यांएवढी थांबते.”

“तू मध्ये तोंड घालायचीस, म्हणून सवय लागली तिला.”

“बरं बरं, शहाणे! संध्याकाळपर्यंत पाठव.”

धाकटी थांबे छाटू लागली. समोरच्या खुर्चीत आई मटार सोलत होती. एकदा सवयीने बोट क्यूवर पडलं आणि तिने सहज वर पाहिलं. आईच्या हातातली भरली शेंग रिकामी झाली होती. मधलं सोलणं घडलंच नव्हतं.

डोळा लवला असेल. पण एका निरीक्षणावर काही ठरवायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. नजर आईवर ठेवून तिने सात सेकंद कापले. दोन शेंगा रिकाम्या. चौदा कापले. चार. भिंतीवरचं घड्याळ मात्र आपल्या चालीने चाललं होतं. तिने घाईने अनडू केलं. स्क्रीनवरचा तुकडा परत आला. शेंगा रिकाम्याच राहिल्या.

सकाळपासून दाबलेल्या बटणांची यादी तिने सॉफ्टवेअरमध्ये उघडली. क्यू, त्रेसष्ट वेळा.

“आई, तुला काही होतंय का गं?”

आईने लिहिलं, ‘मधेच दुखायचं थांबतं. मघाशी गोळी गिळलेली कळलीच नाही.’ मग पुसून, ‘तू करतेस?’

धाकटीला खोटं सुचेना. तिने बटण दाखवलं. आई पाटी घेऊन शेजारी येऊन बसली. चार वाजता नर्सबाई जखमेची पट्टी बदलायला यायच्या; पट्टी निघताना आईला फार दुखायचं. आईने माउसने रेघ सरकवली. दहा मिनिटं. अर्धा तास. पावणेदोन तास.

“एवढं नको, आई! तेवढा वेळ तू माझ्याजवळ नसशील.”

आईने तिच्या गालावरून हात फिरवला, आणि त्याच हाताने क्यू दाबलं.

घड्याळात अडीचच वाजले होते. दारावर कुणी आलं नव्हतं. आईच्या गळ्याला मात्र नवी, पांढरीशुभ्र पट्टी होती. डोळे रडून सुजलेले. मांडीवरची पाटी भरलेली होती, आईच्याच अक्षरात: ‘इतकी वर्षं मनात ठेवलंस? आज सांगितलंस, बरं केलंस. माझा राग नाही.’

धाकटीने दोनदा वाचलं.

“आई, मी काय सांगितलं तुला?”

आईनेही पाटी वाचली. पुसली. मग लिहिलं, ‘मला काय माहीत? मी नव्हते.’