तपकिरी पट्टा

लग्नाच्या दिवशी सकाळी धुकं न विचारता घरात शिरलं आणि विणायच्या मागाच्या खोलीत ठाण मांडून बसलं. दार लावलं तर फटीतून, खिडकी लावली तर छपरातून. थोरलीनं त्याच्याशी भांडण काढलं नाही. धुक्याची आणि तिची आता चांगली ओळख झाली होती. गेल्या हिवाळ्यापासून ते तिच्या डोळ्यांतच राहायला आलं होतं. ही गोष्ट तिनं पोटच्या लेकालाही सांगितली नव्हती, आणि सांगायचा विचारही नव्हता.

मागासमोरच्या फळीवर बसून ती कांबळ्यावरून हात फिरवत होती. उभ्या मागावर ताणलेलं ते कांबळं तिच्या धाकट्या लेकाच्या लग्नाचं. त्यांच्या डोंगरावर लग्न म्हणजे आधी कांबळं, मग बाकी सगळं. मुलाच्या आईनं ते विणायचं आणि शेवटची वीतभर जागा मोकळी सोडायची. नवरी आली की नटल्याथटल्या अंगानं आधी मागावर बसते आणि ती वीत भरते. मग कांबळं उतरवतात, दोघांच्या डोक्यावरून पांघरतात, आणि आतल्या अंधारात दोघांनी एकमेकांना काय सांगायचं ते सांगायचं. बाहेर आले की लग्न लागलं.

एक मात्र आहे. लग्नाचं कांबळं उसवत नाहीत. त्यातला धागा मागे ओढला म्हणजे संसार मागे ओढला. आणि ज्या हातानं त्यात चूक केली, तो हात मागावरून उठतो, तो कायमचा. भावकीत माग एकच. तो मग उचलून दुसऱ्या घरी नेतात.

थोरलीची बोटं पट्ट्यांवरून उतरत होती. पांढरा, काळा, पांढरा, काळा. काळ्या मेंढीची लोकर मऊ, मांजराच्या पोटासारखी. बोटं खाली आली, अजून खाली आली, आणि एका जागी थबकली.

खरखर.

तिनं तिथं पुन्हा बोट फिरवलं. मग नाक लावून वास घेतला. काळ्या लोकरीचा नव्हताच तो. लग्न ठरलं तेव्हा नवरीच्या घरून लोकरीचा एक गोळा आला होता, पलीकडच्या डोंगरावरच्या तपकिरी मेंढ्यांचा. टोपलीत काळ्या गोळ्यांशेजारी तिनं स्वतःच ठेवला होता. आणि स्वतःच उचलला होता.

कधी उचलला, तेही तिला कळलं. त्या दिवशी असंच धुकं होतं. गारठ्यानं बोटं लाकडासारखी झाली होती आणि मन कधीच खोलीबाहेर गेलं होतं. फणीच्या ठोक्यात तिला सासूच्या बांगड्या ऐकू येत होत्या. जाऊन जमाना झालेली सासू शेजारी बसल्यासारखी, आणि आपण अजून नवी सून. आपल्याच लग्नाच्या कांबळ्याखालचा तो अंधार, त्यात नवऱ्याचा लाजरा श्वास. पाण्यात तरंगावं तसे हात आपोआप चालले होते. एवढं सुख वाटलं होतं, तेव्हाच संशय यायला हवा होता.

"जाऊबाई, झालं का नाही अजून?" दारातून आवाज आला. ही धाकटी जाऊ. हिला सगळे चिमटी म्हणतात, कारण कुणाचंही कापड, पीठ नाहीतर सून असो, ही दोन बोटांत धरून पाहिल्याशिवाय बरं म्हणत नाही.

"माझं झालंय. तुझं काय राहिलंय?" थोरली म्हणाली आणि अलगद त्या पट्ट्यासमोर सरकून बसली.

"माझं कसलं राहतंय? म्हटलं, आता या वयात किती दमायचं माणसानं. आमच्या घरात जागा भरपूर आहे हो. माग भिंतीला बरोब्बर बसेल."

"मोजून आलीस वाटतं?"

"नुसतं आपलं मनात आलं."

"मनात ठेव. तिथंही जागा भरपूर असेल."

चिमटी हसली, पण नजर मागावरच होती. सुदैवानं तेवढ्यात खालून घंटा वाजली. वऱ्हाड आलं.

धुक्यातून माणसं निघाली ती आधी आवाज होऊन आणि मग सावल्या होऊन. नवरी तर ढगातूनच उतरल्यासारखी दिसली. गवंड्याची पोर ती. तिचे हात चुन्यानं चिरले होते, पायरी चढताना तिनं सवयीनं दगडावर टाच आपटून पाहिली. थोरलीला दिसला तो फक्त लाल रंगाचा एक डाग, हळूहळू जवळ येणारा. लाल अजून दिसत होता. लाल रंगाचे तिनं मनात आभार मानले.

बायका मागाच्या खोलीत दाटीवाटीनं शिरल्या. थोरलीला आता फळीवरून उठावंच लागलं. नवरी बसली. तिनं रीतीप्रमाणे सासूच्या विणीवरून वरून खाली हात फिरवला. तो हात त्या जागी आला आणि थांबला. फार नाही, एका श्वासाइतकाच. तिनं मान वळवून थोरलीकडे पाहिलं. थोरलीला चेहरा दिसला नाही. तिनं आपली मान होती त्यापेक्षा थोडी आणखी ताठ केली, एवढंच.

धोटा सरकू लागला. फणीचे ठोके पडू लागले. पोरीचा हात बरा होता, दगडावर दगड बसवावा तसा घट्ट. पांढरा पट्टा झाला. मग टोपलीत हात गेला.

"अगं ए, काळा घे की!" चिमटी ओरडली. "तो तपकिरी आहे!"

"माहितीये, काकी," नवरी म्हणाली आणि विणू लागली.

"माहितीये म्हणे! आमच्या कांबळ्यात तपकिरी कधी..." चिमटीची दोन बोटं वर सरकत गेली आणि एका जागी चटका बसल्यासारखी थांबली. "अगंबाई. इथंही आहे की."

छपरावरून पाण्याचा थेंब पडला, तोही सगळ्यांना ऐकू आला. थोरलीनं हात मागे घेऊन भिंतीला टेकवला. आता माग उचलतील. ज्या कोपऱ्यात सासू बसली, आपण बसलो, तिथं उद्या धान्याच्या कणग्या ठेवतील.

"मी तेच बघून घातलं," नवरी हात न थांबवता म्हणाली. "आमच्या घरच्या लोकरीचा पट्टा सासूबाईंनी आत घेतलाय. मला कुणी सांगितलंच नव्हतं, इथं असं करतात. मग मी माझ्या वितीत नको का घ्यायला? नाहीतर माहेर एकीकडेच दिसेल."

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. खोटं बोलणं तिला जमत नसे. सवयच नव्हती, कारण खरं बोलूनच तिनं भल्याभल्यांना रडवलं होतं.

"लोकर तिच्या माहेरचीच आहे," ती म्हणाली. "हात लावून बघ ना, चिमटे. कशी खरखरीत आहे, तिकडच्या माणसांसारखी. पण टिकते म्हणतात."

आधी नवरीची आई हसली, मग सगळ्याच. कुणीतरी म्हणालं, आमच्या सुनेच्या वेळी आम्हीही असाच पट्टा घालणार. चिमटीनं बोटं मागे घेतली आणि पदराला पुसली.

कांबळं उतरलं. लेकाच्या आणि सुनेच्या डोक्यावरून ते पसरलं आणि धुक्यात लोकरीचा एक छोटा डोंगर उभा राहिला. मग आतून लेकाचं हसू फुटलं, लहानपणी पांघरुणात फुटायचं तसंच.

जेवणं उरकली, वऱ्हाड धुक्यात विरघळून गेलं. थोरली रिकाम्या मागासमोर येऊन बसली. पावलं वाजली तशी तिनं ओळखली. टाच आधी पडत होती.

"काय हवंय?"

"काही नाही." सून टोपलीशी बसली. गोळे हलल्याचा आवाज झाला. मग ती अगदी हळू म्हणाली, "काळे डावीकडे ठेवतेय. तपकिरी वेगळ्या टोपलीत. आजपासून रोज मीच लावीन."

खिडकीत धुकं हलत होतं, की थोरलीच्या डोळ्यांत, कोण जाणे.

"शहाणी आहेस," ती म्हणाली. "जास्त होऊ नकोस."

"नाही होत."

"आणि चिमटीसमोर टोपलीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

मग थोरली त्या फळीवर जराशी सरकली. आजवर ती कुणासाठी सरकली नव्हती. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.