घड्याळजीचा मुलगा आणि शामलाकाकू

"काकू, बस बर्डीवरच अडकली होती. पाच मिनिटं तं झाले फक्त. उघडा ना!"

काजल फाटकाच्या बाहेर होती, आम्ही सगळ्या आत, आणि मध्ये आमच्या वॉर्डन शामलाकाकू. किल्ली नेहमीसारखी त्यांच्या कमरेला खोचलेली.

"पाच असो का पन्नास," काकू म्हणाल्या, "सात म्हंजे सात. साहेबाईले फोन लावतो. थे सांगतीन तसं."

साहेब म्हणजे वामनराव, नागपुरातल्या सक्करदऱ्याचं आमचं मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या मंडळाचे सचिव. ते कुठल्याशा लग्नाच्या रिसेप्शनला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. काकू पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या, आणि काजल दप्तर छातीशी धरून रस्त्यावर उभी होती. समोर पानठेला होता. तिथल्या पोरांना फुकटचा तमाशा मिळाला. एकाने गाणं म्हटलं, दुसऱ्याने शिट्टी मारली. मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून केलेल्या नियमाने आमच्यातली एक मुलगी पानठेल्यासमोर नेऊन उभी केली होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

माझं डोकं फिरलं. "काकू, हा नियम केला कोणी?"

"मले काय मालूम? मी इथं आली तवा बी सातच होते."

अर्धापाऊण तासाने वामनरावांचा फोन आला. मुलीला आत घ्या, पण बापाला बोलवा. दुसऱ्या दिवशी कुहीकडच्या आपल्या गावाहून काजलचे वडील चंद्रभानजी आले, शेतातली धानाची रोवणी अर्धी टाकून. ऑफिसच्या दारात चपला काढून उभे राहिले. वामनरावांनी त्यांना बसा म्हटलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलीच्या वळणावर व्याख्यान दिलं. जाताना चंद्रभानजी काजलला एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेले असा फोन आला, तं बोरियाबिस्तर बांधाचा अन् घरी."

काजलचा एमपीएससीचा क्लास धरमपेठेत होता. हुशारीवर फुकट जागा मिळाली होती, त्यामुळे वेळ बदलून मागायला तोंड नव्हतं. क्लास सुटायचा साडेसातला, मग दोन बस, म्हणून सातच्या आत पोचायला शेवटचे तास ती आधीही बुडवायची. त्या दिवसापासून ती आणखी लवकर निघून पळत यायला लागली. अशाने परीक्षेत काय दिवे लागणार होते ते तिलाही कळत होतं.

शामलाकाकूंचा मला तेव्हा मनापासून राग होता. त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. नवरा लवकर गेला, घरचा माग भंगारात गेला, भावाने कुणाच्या तरी ओळखीने त्यांना इथे आणून ठेवलं. फाटकाशेजारची खोली त्यांची. मुलींच्या तापापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. सातला फाटक लावलं की त्या स्वतःसुद्धा आतच अडकतात, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात कधी आली नव्हती.

मला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही. राज्यशास्त्राच्या पेपरात एक जुना तत्त्वज्ञ होता, जिनिव्हाचा. त्याचं नाव काकूंच्या जिभेवर कधी बसलं नाही. बाप घड्याळजी, म्हणून तो कायम 'घड्याळजीचा पोरगा'. मी पायरीवर बसून वाचायची, काकू शेजारी अंबाडीची भाजी निवडायच्या. पोराला पुस्तकं कोंबू नका, त्याला धडपडू द्या, जगातून शिकू द्या, हे वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग तू परीक्षा कायले देतं?" आपली पाच पोरं त्याने जन्मताच अनाथालयात टाकली, हे कळल्यावर काकूंनी दोन दिवस त्याचं नावच काढू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दामच त्याच्या लहानपणाची गोष्ट काढली. सरळ सांगायचं तर टोमणा मारायचा होता.

"काकू, हा पोरगा एका कारागिराच्या हाताखाली शिकत होता. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर फिरायला जायचा. संध्याकाळी गावाच्या वेशीचं दार बंद व्हायचं. दोनदा उशीर झाला, मालकानं झोडपलं. तिसऱ्यांदा धावत आला, तं दार डोळ्यासमोर बंद झालं. तसाच मागं फिरला अन् गाव सोडून निघून गेला. सोळाचा बी नव्हता."

काकूंचा हात थांबला. "घरचे नाही आले धुंडाले?"

"आई नव्हती. बाप आधीच गाव सोडून गेला होता."

"अन् दार कोनं लावलं होतं?"

"म्हणजे?"

"दार का आपोआप लागते वं? कोनं तरी लावलं असन ना. त्याचं नाव हाय का पुस्तकात?"

मी पान चाळलं. आमच्या पुस्तकात नव्हतं.

"त्याले तं मालूम बी नसन," काकू म्हणाल्या, "का बाहेर कोन राहून गेलं. घरी जाऊन जेवला असन बिचारा." मग भाजीकडे बघतच बोलल्या, "काजल बाहेर होती त्या दिवशी मी बी जेवली, धनश्री. दोन पोळ्या जेवली. अन् मंग झोप नाही आली."

माझा टोमणा माझ्यावरच उलटला. काहीतरी बोलायचं म्हणून मी पुढचं सांगितलं. हाच पोरगा मोठा झाल्यावर म्हणाला की दुसऱ्याने लादलेला नियम पाळणं ही गुलामी, पण सगळ्यांनी मिळून स्वतःसाठी केलेला नियम पाळणं हेच स्वातंत्र्य.

"मंग करा ना तुमचा तुम्ही," काकू भाजीचं टोपलं उचलत म्हणाल्या. "मले कायले वाचून दाखवून राहिली?"

त्या वैतागून बोलल्या होत्या. आम्ही ते धरून ठेवलं.

रविवारी जेवणघरात सभा भरली. काकू स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊनच आल्या, बहुतेक सभा उधळायला. भिवापूरची पिंकी उभी राहून म्हणाली, रात्री अकरा.

"अकरा वाजता का भुतं गोळा करतं वं?" काकूंनी दारातूनच विचारलं.

हसाहशी झाली, भांडणं झाली. ज्या मुली कधी तोंड उघडत नव्हत्या त्याच सगळ्यात जास्त भांडल्या. शेवटी नऊ ठरले. बाहेर जाणारीने कुठे जाते ते सांगून जायचं. संध्याकाळी दोघींनी पाळीपाळीने फाटकाशी बसायचं, आणि कुणाला उशीर झाला तर बस स्टॉपवर जाऊन तिला घेऊन यायचं. मग वंदनाने हळूच विचारलं, "अन् काकू? त्या बी तं इथंच राहतात. त्याईनं बी सांगून जावं."

"मी काहून सांगू?" काकू भडकल्या. "मी वार्डन हाय!"

"नियम सगळ्यांना सारखा, काकू," मी म्हणाले. "नाही तर तो नियमच नाही."

"असं! नियम करताना मले विचारलं होतं काय तुम्ही?"

काकूंचा चेहरा लाल झाला होता, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की आम्हीच काय, या बाईला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. ना लग्नाच्या वेळी, ना इथे आणून बसवताना.

"आता विचारून राहिलो ना," पिंकी म्हणाली. "पटलं तं हात वर करा. नाही तं नोका करू."

काकूंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या डावाकडे. डाव टेबलावर ठेवला, हात पदराला पुसला आणि वर केला.

त्या दिवसापासून फाटकाचं कुलूप नऊला लागायला लागलं. पहिल्या दिवशी काजलला आणायला काकू स्वतः स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. नंतर पाळ्या लागल्या. काजल सगळे तास बसून यायला लागली, चेहऱ्यावर रंग आला, चाचणीत पहिल्या पाचात आली. आणि एक दिवस संध्याकाळी काकूच नवी साडी नेसून फाटकाशी आल्या नि पाळीवरच्या मिनलला म्हणाल्या, "फुटाळ्यावर जाऊन राहिली मी." इतकी वर्षं नागपुरात काढून त्यांनी संध्याकाळचा फुटाळा तलाव पाहिला नव्हता. परत यायला त्यांना सव्वानऊ झाले. दोघी जणी स्टॉपवरून त्यांना पकडून घेऊन आल्या, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना असं झापलं की त्या हसून हसून पायरीवरच बसल्या.

परीक्षा जवळ आल्यावर मला ते प्रकरण काढावंच लागलं, जे मी काकूंपासून लपवत होते. घड्याळजीच्या पोराने मुलींच्या शिक्षणाबद्दल लिहिलं होतं की त्यांना लहानपणापासून बंधनाची सवय लावावी, कारण पुढे नवऱ्याच्या मर्जीनेच राहायचं आहे.

"त्याच्यावर दार लागलं तं थो पळून गेला," काकू म्हणाल्या. "अन् पोरीवर लागलं, तं तिनं सवय करावी?"

"काकू, तो काळच तसा होता."

"काळाचं नोको सांगू. माह्या मायचा काळ बी तसाच होता. तवा बी थे घुसमटतच होती."

"मग काय, सोडायचा आपला नियम?"

"काहून? नियम का त्यानं केला? आपुन केला."

कुणीतरी चुगली केलीच. एका संध्याकाळी आठच्या सुमारास वामनरावांची गाडी फाटकासमोर थांबली. फाटक उघडं, स्टुलावर पिंकी पुस्तक घेऊन बसलेली, आणि काजल अजून यायची होती. काकू बाहेर आल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे.

"हे कुणाच्या परवानगीनं?" वामनराव म्हणाले.

"आमच्या."

"आमच्या म्हणजे कोणाच्या?"

"आमच्या म्हंजे आमच्या. या पोरी, अन् मी."

"बाई, तुम्ही इथे नोकरीला आहात. ती काजल परत उशिरा? तिच्या बापाला आत्ता फोन करतो."

"काजल उशिरा नाही, साहेब. तिची वेळ नऊची हाय."

वामनराव हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुलींना बंधनाची सवय आधीपासूनच लागली पाहिजे. पुढे सासरी नांदायचं असतं त्यांना."

काकू माझ्याकडे वळल्या. "धनश्री, हे त्या घड्याळजीच्या पोरानं बी म्हटलं होतं ना वं?"

"हो काकू."

"मंग थो बी इथं सचिव शोभला असता."

आम्ही हसलो. ते हसू वामनरावांना फारच झोंबलं. उद्यापासून सात, नाही तर किल्ली ठेवून चालतं व्हायचं, असं ते म्हणाले. काकूंनी सकाळपर्यंतही वाट पाहिली नाही. कमरेची किल्ली काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि म्हणाल्या, "फाटक तुमचं. लावाले दुसरं कोनी पाहा."

सकाळी चंद्रभानजी आले. वामनराव त्यांना दारातच सांगायला लागले, काय सांगितलं होतं मी तुम्हाला, मुलगी महिनाभर रोज साडेआठला येत होती. चंद्रभानजी ऐकत राहिले. काजल भिंतीशी उभी होती. काकू आपली ट्रंक दोरीने बांधत होत्या. चंद्रभानजी त्यांच्याजवळ गेले.

"ताई, थे रोज साडेआठले ये, तवा तुम्ही काय करत होत्या?"

"पहिल्या दिवशी मी स्टॉपवर गेली होती. मंग दोघी दोघी पोरी जात. एकटी नाही आली ती कधी."

"अन् त्या दिवशी? मले फोन आला त्या दिवशी?"

काकूंनी दोरी खाली ठेवली. "त्या दिवशी थे पानठेल्यापुढं उभी होती. मी आत होती. सातचा नियम होता."

चंद्रभानजींनी वामनरावांकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"बाबा," काजल म्हणाली, "मी घरी येत नाही." आवाज फाटला होता, पण म्हणाली.

चंद्रभानजी पुन्हा काकूंकडे वळले. वामनरावांनी घड्याळ पाहिलं.

"ताई, आता कुठं राहान तुम्ही?"

"खोली पाहीन कुठं तरी. भावाकडं नाही जाणार."

"पाहा मंग," चंद्रभानजी ट्रंकेचं दुसरं टोक उचलत म्हणाले. "दोघीईची पाहा."

आम्हीही जायला निघालो असतो, पण आमचे बाप चंद्रभानजी नव्हते. माझ्या बाबांनी फोनवरच सांगितलं, मुकाट्याने राहा नाही तर घरी ये. त्या दिवशी मला बाबांचा आणि स्वतःचाही भयंकर राग आला.

संध्याकाळी बरोबर सातला वामनरावांनी स्वतः कुलूप लावलं, हलवून पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. गाडी मात्र सुरू केली नाही. आम्ही काही करतो का ते त्यांना पाहायचं असावं. कुणी काही ठरवलं नव्हतं. पिंकी खोलीतून खुर्ची घेऊन आली आणि अंगणात बसली. मग मिनल आली, वंदना आली. हळूहळू सगळ्या आल्या. कुणी चटई आणली, कुणी पुस्तक. बाहेर जाता येत नव्हतं, पण आमचे नऊ वाजायचे होते. तोवर आत जायला कुणी तयार नव्हतं.

"जेवाले चला वं पोरीहो," स्वयंपाकाच्या कांताबाईंनी दोनदा हाक मारली. कुणी उठलं नाही. तिसऱ्यांदा त्या हाक मारायला आल्याच नाहीत. वरणाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर आल्या, ते अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि फाटकाकडे पाठ करून वाढायला बसल्या.